खालचे कट

प्रिय नंदू,

तुझं पत्र येऊन तीन आठवडे झाले आणि उत्तर मी रोज उद्यावर ढकलत राहिलो. तू मागितलंस ते तसं साधंच होतं. रेडिओलॉजी शिकणाऱ्या तुझ्या विद्यार्थ्यांना दाखवायला नेहमीपेक्षा वेगळ्या सर्जिकल केसेसच्या दहा-बारा इमेजेस आणि प्रत्येकीखाली आजाराचं नाव. माझा संग्रह तुला ठाऊकच आहे. नावं-नंबर पुसून वेगळ्या काढायला बसलो आणि पहिल्याच फिल्मला अडकलो. ती केस मी तुला कधी सांगितलेली नाही. म्हटलं, आधी पत्र लिहू, मग इमेजेस पाठवू.

ऐंशी ओलांडलेल्या आजी. इतक्या कृश की हाडं मोजून घ्यावीत. दोन दिवस पोट फुगलेलं, उलट्या, संडास-वारा बंद. एक्स-रेत छोट्या आतड्याची फुगलेली वेटोळी शिडीसारखी रचलेली. आतडं अडकलंय हे इंटर्नलाही कळलं असतं. प्रश्न होता कशामुळे. पोटावर जुन्या ऑपरेशनचा एकही व्रण नव्हता, म्हणजे आतडी चिकटण्याचं नेहमीचं कारण मागे पडत होतं. व्रण नसलेलं पोट अडलं की हर्निया शोधा, हे आपण दोघं एकाच बाकावर बसून शिकलो. म्हणून मी जांघा तपासल्या. त्यासाठी आजींचा उजवा पाय सरळ करावा लागला, कारण त्या आल्यापासून तो पोटाशी घेऊन पडल्या होत्या. पाय सरळ केला तशा त्या कळवळल्या. "मांडीत आतून कळ येते रे," म्हणाल्या. मुलगी म्हणाली, "गुडघा जुनाच आहे त्यांचा." मी केसपेपरवर लिहिलं: जांघेत गाठ नाही, सांधेदुखी जुनी.

नंदू, तू आता हसशील किंवा कपाळाला हात लावशील. हर्निया शोधायला म्हणून मी जे केलं, तीच त्या हर्नियाची तपासणी होती, ती पॉझिटिव्ह आली होती, आणि मी तिला गुडघ्याच्या खात्यात टाकून मोकळा झालो.

ऑब्च्युरेटर हर्निया. नाव परीक्षेपुरतं पाठ केलेलं. ऑब्च्युरेटर हे ओटीपोटाच्या हाडातलं भोक, ते पडद्याने जवळजवळ बंद असतं. वरच्या कडेला एक अरुंद बोगदा उरतो, त्यातून नस आणि रक्तवाहिन्या मांडीच्या आतल्या बाजूला उतरतात. एरवी बोगद्यातली उरलेली जागा चरबी भरून काढते. वय वाढतं, वजन उतरतं, चरबी झिजते, आणि मोकळ्या झालेल्या जागेत आतडं शिरतं. म्हणून हा आजार बहुतेक वेळा कृश, म्हाताऱ्या बायकांमध्ये दिसतो. गाठ हाताला लागत नाही, कारण ती मांडीच्या स्नायूखाली दडलेली असते. बोलते ती नस. पाय मागे नेला, बाहेर केला किंवा आत वळवला की नसेवर दाब येतो आणि मांडीच्या आतल्या बाजूला कळ उठते. पाय पोटाशी घेतला की उतार पडतो. एकोणिसाव्या शतकात हॉवशिप आणि रोम्बर्ग या डॉक्टरांनी हे नोंदवून ठेवलंय, सीटीच्या कितीतरी आधी. आजी दोन दिवस नेमक्या तशाच पडून होत्या आणि आम्ही त्यांना सांगत होतो, "आजी, पाय सरळ करा बघू."

रात्री सीटी झालं. रिपोर्टात लिहिलं होतं: आतडं अडलेलं, अडथळा ओटीपोटात खाली, बहुधा चिकटल्यामुळे. मला तेच ऐकायचं होतं. नाकातून नळी टाकली, सलाईन लावलं आणि सकाळपर्यंत थांबायचं ठरवलं. सकाळी नाडी वाढलेली, पोट ताठरलेलं. तेव्हा कुठे मी स्वतः स्क्रीनसमोर बसलो आणि एकेक कट, म्हणजे शरीराच्या आडव्या कापाचं एकेक चित्र, खाली सरकवत गेलो. मूत्राशय गेलं, जांघेचा भाग गेला. जिथे आपण सवयीने माऊस सोडतो, त्याच्याही खाली आलो. उजवीकडे दोन स्नायूंच्या मध्ये बोटाएवढा एक गोल, पाण्याने भरलेला. डावीकडे त्याच जागी काही नाही.

पोट उघडलं तेव्हा आतड्याचा पूर्ण घेरही आत गेलेला नव्हता. एका बाजूची भिंत तेवढी चिमटीत सापडली होती आणि ती काळी पडली होती. तेवढा तुकडा काढून जोडणी केली. आजी वाचल्या. आणखी अर्धा दिवस गेला असता तर काय झालं असतं, ते तुला लिहायला नको. चौथ्या दिवशी राउंडला मी पोटाचं विचारत होतो तर त्या म्हणाल्या, "ते असू दे. मांडी थांबली हो डॉक्टर." मी नुसतीच मान हलवली. मागाहून मुलीला विचारलं तर कळलं, वर्षभरात तीनदा पोट असंच फुगलं होतं आणि आपोआप उतरलं होतं. दर वेळी मांडीही दुखली होती. तिन्ही वेळा मांडीला वेगळा डॉक्टर आणि पोटाला वेगळा.

तेव्हापासून मी एक खोड लावून घेतलीय. पेशंटच्या बोलण्यातली जी गोष्ट माझ्या निदानात बसत नाही, ती केसपेपरच्या समासात वेगळी लिहितो आणि ऑपरेशनचा निर्णय घेण्याआधी पुन्हा वाचतो. निम्म्या वेळा ती बिनकामाची निघते, आणि रेसिडेंट मला पाठीमागे 'समासवाले सर' म्हणतात हेही मला माहीत आहे. म्हणू देत.

तुझ्या खात्यावर मी राग काढतोय असं समजू नकोस. एक सापडलं की पुढचं शोधणं सुटतं, हा डोळ्यांचा धर्मच आहे. तो गोरिलाचा प्रयोग तूच मला सांगितला होतास ना? २०१३ साली प्रसिद्ध झालेला. फुफ्फुसातल्या गाठी शोधायला दिलेल्या सीटीत गोरिलाचं चित्र घुसवलं होतं, नेहमीच्या गाठीच्या अठ्ठेचाळीस पट मोठं. चोवीस रेडिओलॉजिस्टपैकी वीस जणांना ते दिसलं नाही, आणि त्यातल्या बारा जणांची नजर थेट त्यावरून गेली होती. सर्जनना बसवलं असतं तर आकडा याहून बरा आला असता, असं मला मुळीच वाटत नाही.

याच कारणाने दुसऱ्या लिफाफ्यातली केस मला आवडते. तीही अडलेल्या आतड्याचीच. बाई सांगत होती की पोट दुखतं, थांबतं, पुन्हा दुखतं, आणि दर वेळी दुखणं जागा बदलतं. फिरतं दुखणं म्हटलं की आपण पेशंटच्या मनाकडे बोट दाखवायला मोकळे! इथे फिरत होता तो खडा. पित्ताशयातला मोठा खडा भिंत झिजवून शेजारच्या आतड्यात उतरतो, एका जागी अडतो, सुटतो, पुढे सरकतो आणि बहुतेक वेळा छोट्या आतड्याच्या शेवटच्या अरुंद भागात कायमचा बसतो. रिग्लर या रेडिओलॉजिस्टने १९४१ साली याची एक्स-रेतली त्रयी सांगितली: फुगलेलं आतडं, पित्तनलिकांमध्ये हवा आणि भलत्याच जागी खडा. साध्या एक्स-रेत खडा पुष्कळदा दिसतच नाही. पण यकृताकडे पाहायचं सुचलं तर हवेची झाडासारखी फांदी दिसते. मुलांना एवढं नक्की दाखव: पित्तनलिकेतली हवा यकृताच्या मध्याशी जमते, आतड्याकडून यकृतात रक्त आणणाऱ्या पोर्टल शिरेतली कडेपर्यंत पोचते. दोन्ही 'यकृतात हवा'च, पण दुसरी दिसली की आतडं मरत असल्याची धास्ती घ्यायची. फुगलेली वेटोळी पाहून स्क्रीन बंद करणाऱ्याला यातलं काहीच दिसत नाही.

आता उलट बाजूही सांगतो, नाहीतर म्हणशील, हा फक्त पेशंटच्या बोलण्याचे पोवाडे गातोय. नवजात बाळाची उलटी घे. आईबापांना विचारलं, "उलटी कोणत्या रंगाची?" की उत्तर येतं, "पिवळी." पिवळी म्हणजे काय, यावर दोन माणसांचं एकमत होत नाही. मी रंगांचे तुकडे चिकटवलेलं एक कार्ड खिशात ठेवतो आणि बोट ठेवायला सांगतो. पिवळी म्हणणाऱ्यांचं बोट कितीदा तरी हिरव्यावर जातं. बाळाची उलटी हिरवी असेल, तर आतड्याला पीळ बसलेला नाही हे सिद्ध होईपर्यंत तो बसलाय असंच धरायचं. गर्भात आतडं नीट न वळल्यामुळे त्याचा देठ अरुंद राहतो, त्याच्याभोवती सगळं आतडं गरकन फिरतं आणि काही तासांत रक्तपुरवठा तुटतो. सुरुवातीला पोट मऊ असतं, बाळ चांगलं दिसतं, साधा एक्स-रेही चकवतो. इथे खरं बोलतं ते तुझंच खातं: सोनोग्राफीत शिरेचा धमनीभोवतीचा भोवरा, औषध पाजून काढलेल्या एक्स-रेत मळसूत्रासारखं वळलेलं आतडं. अशा वेळी मध्यरात्री तुझ्यासारख्या माणसाला उठवताना मला जराही संकोच वाटत नाही.

आणि कधी फोटो धडधडीत खोटं बोलतो. छातीचा एक्स-रे, छाती आणि पोटामधल्या पडद्याखाली उजवीकडे हवा. रेसिडेंटने आतडं फुटल्याचं ठरवून ओटीला, म्हणजे ऑपरेशन थिएटरला, कळवूनही टाकलं होतं. मी पोचलो तर पेशंट पलंगावर मांडी घालून बसलेला. खोकल्यासाठी आला होता, घरी कधी सोडताय ते विचारत होता. पोट लोण्यासारखं मऊ. फुटलेल्या आतड्याचा माणूस असा बसत नाही, तो हलायलाही घाबरतो. फिल्म पुन्हा उजेडात धरली तर त्या हवेत आडव्या घड्या दिसल्या. मोठं आतडं यकृत आणि पडद्याच्या मध्ये चढून बसलं होतं, हवा आतड्यातलीच. किलाइडिटी या डॉक्टरने १९१० साली याचं वर्णन केलं. उपचार काय, तर ओटीला फोन करून "राहू द्या" म्हणणं. माझ्या संग्रहातली सगळ्यात स्वस्तात सुटलेली केस.

इतिहासाचा तुला नाद, म्हणून अमायंडही टाकतोय. १७३५ साली लंडनमध्ये क्लॉडियस अमायंड या सर्जनने अकरा वर्षांच्या मुलाच्या हर्नियावर ऑपरेशन केलं, तर आत अपेंडिक्स निघालं आणि त्या अपेंडिक्सला भोक पाडलेली टाचणी! भूल नव्हती, एक्स-रे यायला दीडशेहून अधिक वर्षं होती. मुलगा वाचला. यशस्वीपणे अपेंडिक्स काढल्याची ती पहिली नोंद. आजही हर्नियात अपेंडिक्स आहे हे बहुतेक वेळा पिशवी उघडल्यावरच कळतं. सीटीत ओळखलं तर मुलं टाळ्या वाजवतील, पण खरं सांगू? न ओळखल्याने सहसा काही बिघडत नाही. ऑपरेशन तर करायचंच असतं. दुर्मिळ नावांचं कौतुक करताना हा फरक त्यांना सांग: कोणतं निदान चुकलं तर माणूस जातो आणि कोणतं फक्त परीक्षेत मार्क देतं.

तर इमेजेस पाठवतोय. दहा नाहीत, सातच आहेत. उरलेल्या तिन्हींमध्ये पेशंट काय म्हणत होता ते मला आठवेना, म्हणून काढून टाकल्या. प्रत्येकीसोबत एक चिठ्ठी आहे, त्यावर आजाराचं नाव नाही, पेशंटचे शब्द आहेत, जसे बोलले गेले तसे. वर्गात आधी चिठ्ठी वाच, मुलांना पाच मिनिटं डोकं खाजवू दे, मग फोटो लाव. तू उलटं करशील अशी शंका आहे, कारण अंधारात फोटो लावून पोरांची तोंडं बघण्यात तुला कोण मजा येते! निदान एकदा माझ्या पद्धतीने करून बघ.

आजींचं सीटी सगळ्यात तळाशी ठेवलंय. पूर्ण सीरीज आहे, वरपासून. मी एवढं सगळं सांगून ठेवल्यामुळे तुला ते आता पटकन दिसणार, त्यात गंमत नाही. म्हणून हे पत्र न दाखवता तुझ्या एखाद्या ज्युनिअरला दे, 'अडलेलं आतडं, कारण?' एवढंच विचार आणि त्याचा माऊस कितव्या कटवर थांबतो ते मला कळव.

तुझा,
बाळ्या