लोंढ्याची करवंदं आणि तुझा बेदाणा

टिळकवाडी, बेळगाव
मिरगाचा पाऊस चालू आहे

प्रिय दोस्ता,

तुझा भलामोठा मेसेज वाचला. एचबीएवनसी, म्हणजे ती तीन महिन्यांची सरासरी साखर, ६.१ आली म्हणून एवढं हबकून जायला काय झालं? ५.७ ते ६.४ म्हणजे काठावरचं, अजून मधुमेह नाही, असं तुझ्या डॉक्टरांनीच सांगितलंय ना? मग झालं तर. आपण सीमाभागातली माणसं, काठावर राहायची सवय आपल्याला जन्मापासून. चालणं, तपासण्या, गोळ्या याबद्दल डॉक्टर सांगतील ते ऐक, त्यात मी नाक खुपसणार नाही. पण त्या अ‍ॅपवरच्या ‘माइंडफुल ईटिंग’च्या, म्हणजे मन लावून खाण्याच्या कोर्सबद्दल लिहिलंस, त्यावर मला बोलायचंय, आणि ते फोनवर जमणार नाही. फोनवर तू नुसतं ‘हां हां’ म्हणतोस आणि मागनं कीबोर्डचा आवाज येत असतो.

कोर्समधला तो धडा: एक बेदाणा घ्यायचा, तळहातावर ठेवून निरखायचा, हुंगायचा, मग जिभेवर ठेवून न चावता थांबायचं. बायको बघत होती म्हणून तुला लाज वाटली म्हणतोस. लाजू नकोस. मी जरा शोधून वाचलं. जॉन कबाट-झिन नावाच्या माणसाने १९७९ साली अमेरिकेत मॅसॅच्युसेट्स विद्यापीठाच्या मेडिकल स्कूलमध्ये ताण हलका करण्याचे वर्ग सुरू केले, त्यातला हा बेदाणा. जुनाट दुखण्यांनी पिचलेली माणसं तिथं यायची. म्हणजे प्रकार थट्टेचा नाही. पण वाचताना मला सारखं वाटत होतं, की अरे, हा अभ्यास तर आपला लहानपणी लोंढ्याच्या रेल्वे क्वार्टर्सच्या लाईनीतच झालाय. करवंदांवर.

काय गा, विसरलास काय? एप्रिल संपत आला, की गुड्स यार्ड ओलांडून जंगलाच्या कडेच्या जाळ्यांत घुसायचं. काटे दंडावर ओरखडे काढायचे. करवंद तोडलं की देठाशी पांढरा चीक यायचा, तो ओठाला लागला तर दिवसभर चिकचिक, म्हणून आधी ते शर्टाच्या टोकाला पुसायचं. आणि मग लगेच खायचं नाही! समोरच्याच्या नाकासमोर धरून विचारायचं: कोंबडा की कोंबडी? त्याने उत्तर दिलं की अर्धं चावायचं आणि उरलेलं अर्धं उजेडात धरून दोघांनी डोकी जुळवून बघायचं. आत लालभडक असेल तर कोंबडा, फिकट पांढुरकं असेल तर कोंबडी. तू कायम कोंबडाच म्हणायचास आणि फिकट गुलाबी निघालं की भांडायचास. एवढी खळखळ करून एक करवंद. पण न बघता तोंडात गेलेलं एकही करवंद मला आठवत नाही. कुठल्या कोर्सने एवढं साधलंय?

आता मुद्द्याचं सांगतो. तुझं अ‍ॅप म्हणतं, जेवणाकडे लक्ष दे. म्हणजे सगळा भार तुझ्या मनावर. दिवसभर मीटिंगा करून थकलेलं मन, त्याला रात्री नऊ वाजता आणखी एक काम. ते कसलं ऐकतंय? आपण लहानपणी कधी ठरवून लक्ष दिलं नाही. ताटातला पदार्थच असा असायचा, की लक्ष दिल्याशिवाय तो पोटात जायचाच नाही. गोव्याकडनं गाडीने मासळी यायची, तिचे काटे. पावसात पकडलेल्या खेकड्यांच्या नांग्या, त्या दातांनी फोडून आतलं मास सुईने कोरल्यासारखं काढायचं. बरका फणस खाताना घशात सरकणारा गर, आठळी वेळेवर बाहेर नाही काढली तर ठसका. तव्यावरनं थेट ताटात पडलेली तांदळाची भाकरी, तिचा पापुद्रा उचलला की वाफ बोटांवर यायची, मग फुंकर, मग धनगरवाड्यावरून आलेल्या लोण्याचा गोळा, आणि तो वितळेपर्यंत थांबायचं. हात रिकामे नसायचेच. दुसरं काही धरणार कशात?

आणि आता बघ. ब्रेड, बिस्किटं, पाकिटातली शेव, डब्यातून आलेला मऊमऊ पुलाव. काटा नाही, साल नाही, बी नाही, चटकाही नाही. अशा खाण्याला एक हात पुरतो, दुसऱ्यात फोन. टीव्हीसमोर जेवणारी माणसं जास्त खातात, हे संशोधनातून वारंवार दिसलेलं आहे. त्याहून मजेची गोष्ट अशी, की ती पुढच्या वेळीही जास्त खातात, कारण मघाशी काय आणि किती खाल्लं ते डोक्यात नीट उतरलेलंच नसतं. पोट भरल्याचा निरोप मेंदूला पोचायला वीसेक मिनिटं लागतात म्हणतात. तू तर दहा मिनिटांत उठतोस. मिरजेचा सिग्नल पडायच्या आत गाडी सोडून दिल्यासारखं आहे ते.

म्हणून माझा सल्ला एवढाच: मनाला कामाला लावू नकोस, ताटाला लाव. दिवसातून एक तरी गोष्ट अशी खा, जी सोलावी लागेल, मोडावी लागेल, फोडावी लागेल. चिरलेल्या फळांचा डबा आणू नकोस, अख्खं फळ आण. शेंगदाणे खारवलेले नकोत, शेंगा आण. भुईमुगाच्या उकडलेल्या शेंगा मूठभर खायला लागतो तेवढा वेळ लागू दे की. आणखी एक करता येईल ते म्हणजे खाण्याचा क्रम. आधी कोशिंबीर, पालेभाजी, उसळ, मग भात. याने जेवणानंतरची साखर कमी चढते, हे बऱ्याच अभ्यासांत दिसलंय. आपल्याकडे पूर्वी भाताचा पहिला ढीग वरणासोबत आणि भाज्या चवीपुरत्या, तेवढं मात्र उलटं करावं लागेल. परंपरेची प्रत्येक गोष्ट शहाणी होती असं मी म्हणणार नाही.

घास बत्तीस वेळा चाव वगैरे मात्र माझ्यासमोर काढू नकोस. शंभरेक वर्षांपूर्वी अमेरिकेत होरेस फ्लेचर नावाचा गृहस्थ होता. अन्नाचं पाणी होईपर्यंत चावा, दूधसुद्धा तोंडात घोळवून गिळा, असं सांगत फिरायचा. बडी बडी माणसं त्याच्या नादी लागली होती. कल्पना कर, पंगतीत सगळे मुंड्या खाली घालून मोजतायत, सव्वीस, सत्तावीस... आकडे मोजताना आमटीत खोबरं भाजून घातलंय की कच्चं, हे कळणार कधी?

नाचणीचंही विचारलंयस. खा की, त्यात काय. १०० ग्रॅमला साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम असतं, बाकी कुठल्या धान्यात एवढं मिळत नाही. पण नाचणी म्हणजे औषध नव्हे. बारीक दळलेल्या पिठाची पातळ आंबील गटागट प्यालास, तर साखर चढायची ती चढतेच. भाकरी खा, घट्ट, उसळीसोबत. २०२३ साल भरडधान्यांचं वर्ष म्हणून जगभर साजरं झालं, तेव्हापासून इथल्या दुकानांत नाचणीच्या पाकिटाला पारदर्शक खिडकी आणि वर भलतीच किंमत आली आहे. आपल्या लाईनीत नाचणी खाणं म्हणजे महिनाअखेर आल्याची खूण होती. पाहुणे आले की आई भाकऱ्यांची टोपली फडताळात सरकवायची, हे तुला माहीत नसेल. तुमच्याकडेही सरकवत असतील म्हणा.

आणि हो, तू मेसेजमध्ये ‘ते दिवस किती शांत होते, सगळे निवांत जेवायचे’ असं लिहिलंस. सगळे कोण? मी, तू, पोरंटोरं. आमचे आण्णा, म्हणजे वडील, पॉइंट्समन, रूळ बदलून गाड्यांना वाट देणारे. मीटरगेजचा जमाना, कॅसलरॉकच्या पुढं ब्रागांझा घाटात १:३७ चा, म्हणजे सदतीस फुटांत एक फूट वर नेणारा चढ, गाड्यांना मागून इंजिन लावल्याशिवाय वर चढता यायचं नाही, आणि लोंढ्यात तर मिरज, हुबळी, गोवा तिन्हीकडच्या गाड्या. पाळीवर असताना त्यांचा डबा म्हणजे दोन गाड्यांच्या मधली फट. उभ्या उभ्या भाकरीचे चार तुकडे, वर पाणी, की निघाले दिवा घेऊन. म्हणून असेल, घरी असले की ते तासभर जेवायचे. रेडिओ बंद करायला लावायचे. ताटाभोवती पाणी फिरवायचं, चार शितं बाजूला काढायची, मग पहिला घास नुसत्या भाताचा. आमटी न घालता. भाताचा वास घ्यायचे आणि सांगायचे, ‘रेशनचा आहे’ किंवा ‘येळ्ळूरचा दिसतोय’. येळ्ळूर-वडगावच्या शिवारातला बासमती कुणी पाहुण्याने आणला तर त्या दिवशी आई मुद्दाम झाकण उघडं ठेवायची. शेजारचे विचारायचे, आज काय विशेष?

पण आई? मला आईचं ताटच आठवत नाही. ती चुलीपाशी बसून भाकरी थापत आम्हाला वाढायची, आणि आम्ही उठलो की पातेल्यातच कालवून खायची. काय उरलंय, ते तिचं जेवण. आपण जे सावकाश, चवीनं खाल्लं, त्यातला निम्मा सावकाशपणा तिच्या घाईतून आलेला होता, गा. शांत चित्ताने जेवा म्हणून सांगणाऱ्यांनी आधी बघावं, घरात वाढतंय कोण. आमच्याकडे आता मी आणि ही एकदमच बसतो. भाकऱ्या आधी करून फडक्यात गुंडाळतो, थोड्या निवतात, चालतं. मी थापायला शिकलोय, पण माझी भाकरी काठाला जाड राहते आणि ही ती न बोलता स्वतःच्या ताटात घेते.

रविवार पेठेत परवा पिशवी घेऊन गेलो होतो. अळंबी अजून आली नाहीत. मिरग नीट लागला, मध्ये दोन दिवस ऊन पडलं आणि परत सर आली, की जांबोटी-कणकुंबीकडच्या बायका पानांत बांधून रस्त्याकडेला बसतील. वारुळावरची असली तर बघायलाच नको. मी ती धुऊन देतो घरी, माझं ठरलेलं काम. छत्रीखालच्या पडद्यांत लाल माती अडकलेली असते. ती नळाखाली धरली की मोडते, म्हणून परातीतल्या पाण्यात एकेक बुडवून बोटाच्या पेराने माती सोडवायची. देठ खालून वर खरवडायचं, टोकाकडचा काळपट भाग काढायचा. तीन पाणी होईपर्यंत कंबर धरते. मग कांदा, ओलं खोबरं, थोडी मिरपूड, एक आमसूल, बस. एवढं निगुतीने साफ केलेलं कुणी फोनकडे बघत खात असेल, तर मी समोरनं ताट उचलून नेईन, सांगून ठेवतो. जंगलात जाऊन स्वतः काढणं मात्र आता डोक्यातनं काढून टाक. २०११ साली भीमगड अभयारण्य झालं, तिकडचे बरेच रस्ते आता पहिल्यासारखे मोकळे नाहीत, आणि विषारी कुठलं, खायचं कुठलं हे आपल्याला कधीच नीट येत नव्हतं. आपल्याला ते गवळ्याची आज्जी ओळखून द्यायची.

तर जुलैत ये. मागच्या वेळी दोन किलो कुंदा उचलून नेलास, यंदा तेवढा मिळणार नाही. कुंदा मिळेल तो एक चमचा, जेवणानंतर, आणि तोही बसून. दूध आटवून आटवून तांबूस केलेला पदार्थ तू गाडीत बॉक्स मांडीवर घेऊन खातोस, हे मला मागेच कळलंय, वहिनींनी सांगितलं. एक दिवस लोंढ्याला जाऊन येऊ. आता ब्रॉडगेज आहे, स्टेशन ओळखू येणार नाही तुला, पण तो पिंपळ आहे अजून.

एक काम कर. तुझ्या आईला विचारून कळव: बांबूचे कोवळे कोंब भिजत घालताना त्या पाणी दिवसातून एकदा बदलायच्या की दोनदा? त्यातलं कडू, विषारी असतं ते निघून जायला भिजवणं आणि उकळणं दोन्ही लागतं, एवढं मला ठाऊक आहे. पण आमच्या सासूबाई म्हणतात एकदा बदललं की पुरे, आणि ही म्हणते तुझ्या आईंची भाजी जास्त चांगली व्हायची, त्या दोनदा बदलत असणार. कोंब घरात आणून ठेवलेत, भिजत घालायचे आहेत. लवकर कळव.

तुझाच,
लाईनीतला शेजारी