आमच्या पाळकसाहेबांना, दादाच्या धाकट्या बहिणीकडून

पाळकसाहेब, प्रभूच्या नावात सलाम.

दादाची दारू सुटावी म्हणून आम्ही तुम्हाला घरी बोलावलं, तेव्हा आमची अपेक्षा अगदी सरळ होती. तुम्ही त्याच्या डोक्यावर हात ठेवाल, प्रार्थना कराल आणि तो उठून बसेल. प्रार्थना तुम्ही केलीतच, पण आधी विचारलंत, "शेवटची कधी घेतली? हात थरथरतात? कधी फिट आली होती?" रोज भरपूर पिणाऱ्याने एकदम बंद केली तर फिट येऊ शकते, भास होऊ शकतात, जीवही जाऊ शकतो, हे आम्हाला तेव्हा कळलं. त्याला भरती करायला तुम्ही सोबत आलात. गोळ्या घेणं म्हणजे अविश्वास, असं सांगणारे आम्हाला आधी भेटले होते. बायबलमध्ये प्रेषित पौलाने आपल्या सोबत्याला, लूकला, 'प्रिय वैद्य' म्हटलंय, एवढंच तुम्ही त्यावर बोललात.

अंगातली दारू उतरली तरी तल्लफ राहिली, आणि तिच्यापेक्षा लाज मोठी. आपला विश्वास कमी पडतोय असं दादाने मनाशी ठरवूनच टाकलं होतं. तुम्ही त्याला उपदेश केला नाहीत. रोमकरांस पत्राचा सातवा अध्याय उघडून त्यालाच मोठ्याने वाचायला लावलात. चांगलं करायची इच्छा आहे पण हातून होत नाही, नको तेच होतं, असं खुद्द प्रेषित लिहितो. दादाने ते पुन्हा वाचलं. त्या दिवसापासून तो स्वतःला शिव्या द्यायचा थांबला असं नाही, पण निदान तुमच्यासमोर खरं बोलायला लागला.

तुम्ही त्याला एएच्या, म्हणजे दारू सोडू पाहणाऱ्यांच्या अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमस या संघटनेच्या, बैठकीला पाठवलंत तेव्हा मंडळीत कुजबुज झाली. तिथे येशूचं नाव घेत नाहीत म्हणे! तुम्ही शांतपणे सगळा इतिहास सांगितलात. १९३५ मध्ये अमेरिकेतल्या अ‍ॅक्रन गावात बिल विल्सन आणि डॉ. बॉब स्मिथ भेटले, तेव्हा दोघंही ऑक्सफर्ड ग्रुप या ख्रिस्ती चळवळीत होते. दारूतून बाहेर पडायच्या एएच्या बारा पायऱ्या १९३९ मध्ये छापल्या गेल्या, त्यांच्यावर त्या चळवळीची छाप आहे. पाचवी पायरी म्हणते, आपल्या चुका देवाजवळ, स्वतःजवळ आणि आणखी एका माणसाजवळ कबूल करा. याकोबाच्या पत्रात पातकं एकमेकांजवळ कबूल करायला सांगितलंय, ते यापेक्षा वेगळं काय? दादाने त्याची कबुली तुमच्याजवळ दिली. तो काय बोलला ते मी कधी विचारलं नाही, तुम्हीही कधी सुचवलं नाहीत.

सगळ्यात जास्त आभार मात्र प्रभुभोजनाबद्दल. दादा पुन्हा उपासनेला येऊ लागला आणि प्रभुभोजनाच्या पेल्यात वाइनऐवजी द्राक्षांचा न आंबवलेला रस आला. सगळ्यांच्याच पेल्यात. कुणासाठी, हे तुम्ही जाहीर केलं नाहीत. थॉमस वेल्च नावाच्या मेथडिस्ट दंतवैद्याने १८६९ मध्ये प्रभुभोजनासाठीच असा रस तयार केला होता, हे मी नंतर वाचलं. वेगळा पेला दिला असता तर दादा पुढच्या रविवारी आला नसता. मी त्याला ओळखते.

आणि तो जरा सावरल्यावर लोक मागे लागले, मंडळीसमोर आपला अनुभव सांग, साक्ष दे, साक्ष दे. तुम्ही ठाम नकार दिलात. ताज्या ताज्या सुटलेल्या माणसाला मंचावर उभं करून टाळ्या वाजवायची आपल्याकडे फार हौस. पुढे तो पुन्हा घसरला तर तोंड लपवत फिरायची वेळ त्याच्यावरच येते, टाळ्या वाजवणाऱ्यांवर नाही.

तल्लफ आजही येते. आली की तो तुम्हाला नाहीतर एएमधल्या त्याच्या स्पॉन्सरला, म्हणजे त्याला आधार देणाऱ्या जुन्या सदस्याला, फोन करतो. रात्रीबेरात्रीही तुम्ही फोन उचलता, आणि बाईसाहेब त्याबद्दल कधी कुरकुरत नाहीत. त्यांनाही माझे आभार सांगा.

आता व्यसनी माणसाच्या घरच्यांसाठी मंडळीच्या सभागृहात बैठक सुरू करायची तुम्ही म्हणताय. वहिनी येईल, आईला मी तयार करते. खुर्च्या मांडायचं आणि चहाचं माझ्याकडे द्या. फक्त वार शनिवार नको, त्या दिवशी दादाची बैठक असते आणि मुलांजवळ कुणीतरी लागतं.

तुमची,
मंडळीतली एक बहीण