वाढईचा सांधा आणि विद्यापीठ

मा. संपादक,
स. न. वि. वि.

१९१४ मध्ये रोममध्ये जन्मलेल्या आणि १९४६ मध्ये ब्राझीलला गेलेल्या लीना बो बार्दी या वास्तुरचनाकार तर होत्याच, शिवाय त्या चित्रे काढीत, खुर्च्या घडवीत, नाटकांचे नेपथ्य करीत आणि काही काळ साओ पाउलो विद्यापीठात शिकवीत. साओ पाउलो शहरातील कलासंग्रहालयाची त्यांची इमारत जगप्रसिद्ध आहे. मला मात्र ब्राझीलमधल्याच साल्वादोर शहरातील जुन्या वाड्यात त्यांनी उभारलेला लाकडी जिना अधिक मोलाचा वाटतो. बैलगाडीचे सांधे पाहून त्यांनी तो रचला : तुळईच्या भोकातून पायरीचे टोक आरपार काढायचे आणि लाकडाच्याच खुंटीने आवळायचे, खिळ्याचे काम नाही.

आमच्या दारव्हा भागातील वाढई (सुतार) बंडी, म्हणजे बैलगाडी, जोडताना हेच करीत आले. आता बंड्या लोखंडी झाल्या, टायरवर आल्या (ओढायला हलक्या, हे मान्यच), आणि वाढयांची मुले दुसऱ्या कामाला लागली. परक्या देशातून आलेल्या प्राध्यापिकेला जे शिकण्याजोगे वाटले, ते आपल्या वास्तुकला महाविद्यालयांना का वाटू नये? त्यांनी विद्यार्थ्यांना उन्हाळ्यात या म्हाताऱ्या कारागिरांकडे पाठवून सांध्यांची मोजमापे व रेखाटने करून घ्यावीत, ही विनंती.

— एक वाचक, ता. दारव्हा, जि. यवतमाळ