ईएससी विकायला नकार देणाऱ्या काकांना

ती. स्व. काका यांस,
सा. न. वि. वि.

हे पत्र पुण्याच्या तपकीर गल्लीत तुमच्या इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात काउंटरवर ठेवलं असतं, तर बिलांच्या गठ्ठ्यात गेलं असतं. म्हणून सगळ्यांसमोर लिहितेय. शिवाय आयआयटी मुंबईच्या टेकफेस्टमधल्या रोबोवॉरची, म्हणजे रोबोंच्या लढतीची, तयारी करणाऱ्या टीम्सनीही ते वाचावं असं वाटतं, कारण ईएससी (मोटरचा वेग सांभाळणारे कंट्रोलर) सगळ्यांचेच जळतात आणि सगळेच थेट नवा आणायला धावतात.

आमच्या बॉटच्या ड्रमची (समोरच्यावर आदळणाऱ्या फिरत्या हत्याराची) ब्रशलेस मोटर सुरू होताना आचके देत होती. आमच्या वर्कशॉपमध्ये कुठलाही बिघाड झाला की "कॅलिब्रेशन गेलं असेल" म्हणायची पद्धत आहे; तेही करून झालं, मग धूर निघाला. "सेम द्या" म्हटल्यावर तुम्ही म्हणालात, "फ्यूज उडाला म्हणून कोणी फ्यूजला शिव्या देतं का? मोटर घेऊन ये, मग बोलू."

मोटर आणली. तुम्ही आधी तिन्ही बुलेट कनेक्टर ओढून पाहिलेत, कारण एका फेजचं, म्हणजे मोटरच्या तीन वायरींपैकी एकीचं, सोल्डर सुटलं तरी मोटर असेच आचके देते. ते पक्के होते. मग मीटर बीपवर ठेवून ईएससीची काळी वायर आणि एकेक फेज: दोन गप्प, तिसरी ओरडली. मॉस्फेट (ईएससीतला करंट चालू-बंद करणारा स्विच) शॉर्ट. इथे मी पर्स काढली आणि तुम्ही हातानेच "थांब" म्हणालात.

तीन फेज एकमेकींशी बीप देणारच, त्यावरून काही कळत नाही, हे तेव्हा समजलं. तुम्ही एक टोक फेजला आणि दुसरं मोटरच्या बेसला लावलंत. तिथे बीप यायलाच नको होता, तो आला. तारा मोकळ्या ठेवून मोटर बोटाने फिरवलीत, तर तीही अडत होती. मग डोळ्याला भिंग लावून चिमट्याने जे बाहेर काढलंत ते अजून माझ्या डबीत आहे: नखाएवढा, कुरळा लोखंडी कीस. अरेनात बॉट एकमेकांना घासून असा कीस पाडतात आणि मोटरची चुंबकं तो आत ओढतात. आमच्या कीसाने दोन फेजच्या तारांचं इनॅमल (वरचा इन्सुलेशनचा थर) खरवडून त्यांना मोटरच्या बेसशी, आणि त्यातून आपसात, जोडून टाकलं होतं. त्यावर नवा ईएससी लावला असता, तर तोही गेला असता.

तांबं तुटलं नव्हतं, म्हणून वार्निशवर भागलं. मॉस्फेट तुम्ही हॉट एअरने बदललेत. बॅटरीच्या वायरी लांब बघून तोंड वाकडं केलंत, त्या कापायला लावल्यात आणि ईएससीच्या अगदी तोंडाशी 50 व्होल्टचा कपॅसिटर बसवलात. आमची 6 सेलची बॅटरी पूर्ण चार्ज झाली की 25.2 व्होल्ट देते, आणि लांब वायरींमुळे त्यावरही झटके येतात. 25 व्होल्टचा कपॅसिटर तिथे टिकला नसता.

पण सगळ्यात उपयोगी पडला तो ट्रकच्या मागच्या दिव्याचा 24 व्होल्ट, 21 वॉटचा बल्ब. बॅटरी थेट न लावता मध्ये सिरीजमध्ये तो. क्षणभर चमकून विझला तर पुढे जा, पेटलेलाच राहिला तर कुठेतरी शॉर्ट आहे. बल्ब पेटलेला असताना एक अँपियरही पुढे जात नाही, त्यामुळे धूर निघत नाही. (त्यावर ड्रम फिरवून बघायचा नाही, हे ज्युनियर्सना दोनदा सांगावं लागतं.) आता कुठलीही दुरुस्ती झाली की आधी बल्ब लागतो.

काका, तुम्ही त्या दिवशी आमच्याकडून जेमतेम मॉस्फेटचे पैसे घेतलेत. ईएससी विकला असता तर दहा मिनिटांत गिऱ्हाईक वाटेला लागलं असतं. टीमतर्फे मनापासून आभार.

बल्ब तुमचाच आहे, शनिवारी ज्युनियर आणून देतील. सोबत डाव्या चाकाचा कंट्रोलर पाठवतेय. मोटरसकट.

आपली नम्र,
वायरिंगवाली