रिले लागत नाही म्हणे!

मा. संपादक,
स. न. वि. वि.

कालच्या रविवार पुरवणीतला, दुचाकीला जादा लाइट घरच्या घरी बसवण्याचा लेख वाचला. भाषा सोपी आहे, फोटोही छान आलाय. कौतुक एवढंच. 'एलईडी करंट कमी खाते, त्यामुळे रिलेची गरज नाही. हेडलाइटची वायर सोलून जोड मारा, पंधरा मिनिटांचं काम' हे वाक्य आपण ठळक अक्षरांत, चौकटीत छापलंत. रिले म्हणजे बटणाच्या थोड्याशा करंटने बॅटरीचा मोठा करंट चालू-बंद करणारा छोटा स्विच. हे लिहिणाऱ्याने आणि ते चौकटीत घालणाऱ्याने जळालेला कपलर (वायरी जोडणारा प्लास्टिकचा सॉकेट) कधी हातात घेतला नसावा.

गेल्या आठवड्यात अशोक चौकात एक सव्वाशे सीसीची गाडी ढकलत आणली होती. तिच्या हेडलाइटमागचा पांढरा कपलर एका बाजूने तपकिरी आणि मध्ये काळा पडून बसला होता. वायर जरा ओढली तर ती हातात आली, पितळी पिन आतच चिकटून राहिली. वायरवरचं प्लास्टिक दोन-अडीच इंचांपर्यंत कडक झालेलं, वाकवलं की तडकत होतं. दिवे मात्र ठणठणीत! ४० वॉटचे दोन एलईडी, बरोबर आपल्या चौकटीत लिहिलंय तसे जोडलेले.

लेखात हिशोब नाही, तो इथे देतो. त्या गाडीचा बल्ब ३५ वॉटचा, म्हणजे १२ व्होल्टला तीन अँपिअरच्या आत. कंपनीने हँडलवरचं बटण, कपलर आणि वायर तेवढ्याच बेताने दिलेली असते. वायर साधारण अर्धा चौरस मिलिमीटरची. त्यावर ८० वॉट चढवले की झाले ११५ वॉट, म्हणजे साडेनऊ अँपिअर. आपल्याकडे नळाला पाणी आलं की सगळी गल्ली त्याच लाइनला मोटार लावते, त्यातला प्रकार. गाडीचा मुख्य फ्यूज १० अँपिअरचा, आणि हॉर्न, ब्रेक लाइट, इंडिकेटर, इग्निशन सगळं त्याच्यावर. जादा लाइट लावून ब्रेक दाबला आणि इंडिकेटर दिला की फ्यूज गेला. अंधारात, चालत्या गाडीवर, हेडलाइटसकट सगळं बंद. मग कुणीतरी शहाणा १० च्या जागी २० चा फ्यूज घालतो. आता फ्यूज उडत नाही, कपलर वितळतो. त्या गाडीत नेमकं हेच झालं होतं. फ्यूज दिव्यासाठी नसतो, वायर वाचवायला असतो, एवढी एक ओळ जरी त्या लेखात असती तरी हे पत्र लिहायची वेळ आली नसती.

'एलईडीला करंट कमी' हे अर्धं खरं आहे, ते मान्य. दहा-दहा वॉटचे दोन छोटे दिवे असतील तर मिळून दीड-पावणेदोन अँपिअर. ते चावीनंतरच्या (चावी फिरवल्यावरच करंट येणाऱ्या) वायरवर, ३ अँपिअरचा वेगळा फ्यूज घालून, रिलेशिवाय चालतात. ४० वॉटला हा नियम लागू नाही. शिवाय यातल्या बऱ्याच दिव्यांत ड्रायव्हर (एलईडीला वीज बेतून देणारं सर्किट) असतो. वायर बारीक असल्याने व्होल्ट पडले की तो वॉट टिकवायला करंट आणखी ओढतो. बारीक वायर जास्त तापते ती अशी. आणि डब्यावर '१२० वॉट' छापलेलं असलं तरी अनेकदा मीटर दोन अँपिअरसुद्धा दाखवत नाही. म्हणून डबा वाचून फ्यूज ठरवू नये. दिवा बॅटरीला थेट लावून, मध्ये मल्टिमीटर घालून अँपिअर मोजावेत आणि मग सामान आणावं.

आता योग्य जोडणी. अवघड काही नाही, फक्त पंधरा मिनिटांत होत नाही. आधी बॅटरीची निगेटिव्ह काढायची, शेवटी निगेटिव्हच लावायची. पॉझिटिव्ह सोडवताना पान्हा चासीला टेकला तर ठिणगी उडते. बॅटरीच्या पॉझिटिव्हवरून दीड चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर घ्यावी आणि वीतभर अंतराच्या आतच फ्यूज होल्डर बसवावा. ८० वॉटला १० अँपिअरचा फ्यूज पुरतो. फ्यूज पुढे दिव्याजवळ लावला तर बॅटरीपासून तिथपर्यंतची वायर उघड्यावर राहते, घासून चासीला लागली की तिला वाचवणारं काही नाही. फ्यूजमधून वायर रिलेच्या ३० नंबरच्या पिनेला, ८७ वरून दिव्यांना. कॉइलच्या (रिले चालू करणाऱ्या आतल्या गुंडाळीच्या) दोन पिनांपैकी ८५ अर्थला, ८६ हँडलवरच्या बटणातून चावीनंतरच्या वायरला. काही रिलेंच्या आत डायोड (एकाच दिशेने करंट जाऊ देणारा भाग) असतो, त्यांत ८५-८६ उलट लावून चालत नाही, म्हणून सवयच ही ठेवावी. रिलेच्या कॉइलला पाव अँपिअरही लागत नाही, त्यामुळे बटण गरम व्हायचा प्रश्नच येत नाही. रिले सीटखाली किंवा टाकीखाली, पिना खालच्या बाजूला ठेवून बसवावा. वर ठेवल्या तर गाडी धुताना पाणी आत साठतं. दिव्यांची निगेटिव्ह रंग दिलेल्या क्रॅश गार्डला कधीच देऊ नये, सरळ बॅटरीपर्यंत आणावी.

'हेडलाइटच्या वायरवर जोड मारा' यात आणखी एक घोळ आहे. जुन्या शंभर-सव्वाशे सीसीच्या पुष्कळ गाड्यांत हेडलाइट बॅटरीवर नसून थेट मॅग्नेटोच्या (इंजिनबरोबर फिरून वीज तयार करणाऱ्या भागाच्या) एसीवर असतो. ॲक्सिलरेटर वाढवला की उजेड वाढतो त्या गाड्या. तिथे एलईडी जोडली तर लुकलुकते आणि लवकर मरते. तिथून रिलेची कॉइल दिली तर रिले टरटर वाजत राहतो. मीटर डीसीवर ठेवून आधी वायर तपासणं एवढाच उपाय. ब्रेक लाइट किंवा हॉर्नला येणारी चावीनंतरची वायर बहुतेक गाड्यांत डीसी असते, कॉइलसाठी ती बरी. तरी काही गाड्यांत बटण अर्थच्या बाजूला असतं, तेही मीटरनेच कळतं.

किटबद्दल बोललंच पाहिजे, कारण लेखाशेजारीच किटची जाहिरात होती. योगायोग असेल. तयार किटमध्ये रिलेवर ४० अँपिअर लिहिलेलं, होल्डरमध्ये ३० चा फ्यूज, आणि वायर बाहेरून जाड पण आत तांबं नावाला. अशा किटमध्ये काही बिघडलं तर फ्यूजच्या आधी वायर जाते. वायरचं टोक ब्लेडने खरवडून पाहावं. आतून पांढरी निघाली तर ती तांब्याचा मुलामा दिलेली ॲल्युमिनियम आहे. कथिलाचा थर दिलेली तांब्याची वायर वरून पांढरी आणि खरवडल्यावर लाल दिसते, ती चांगली. दोन्हींत गल्लत करू नये.

जोड पिळून वर काळी टेप गुंडाळायची, असाही सल्ला आपण दिलात. सोलापूरच्या मे महिन्यात, ४२-४३ डिग्रीत, टाकीखाली इंजिनच्या वर त्या टेपचा चिकटा पाघळतो, टेप सरकते आणि जोड उघडा पडतो. लग (वायरच्या टोकावर बसणारी धातूची टोपी) लावून प्लायरने नीट दाबावा आणि वर उष्णतेने आवळणारी स्लीव्ह घालावी. नुसतं सोल्डर करू नका. जिथे सोल्डर संपतं तिथे वायर कडक होते आणि हादऱ्यांनी नेमकी तिथेच तुटते. हँडलच्या मानेजवळून वायर नेताना ढील ठेवावी, हँडल डावी-उजवीकडे पूर्ण फिरवून वायर ताणली जात नाही ना ते पाहावं आणि मगच टाय आवळावेत. दिव्याचे नट नायलॉकचे (हादऱ्यांनी सैल न होणारे) घ्यावेत, नाहीतर पहिल्या शंभर किलोमीटरात दिवा आभाळाकडे बघायला लागतो.

सगळं जोडल्यावर एक तपासणी राहते, तिचा लेखात उल्लेखही नाही. गाडी चालू करून, सगळे दिवे लावून, साधारण तीन हजार आरपीएमला बॅटरीवर व्होल्ट मोजावेत. साडेतेरा ते साडेचौदा आले तर ठीक. तेराच्या खाली राहिले तर मॅग्नेटो पुरत नाही, बॅटरी रोज थोडी थोडी उतरणार. एप्रिल २०१७ नंतरच्या गाड्यांत हेडलाइट कायम चालू असतो, म्हणजे मॅग्नेटोची शिल्लक आधीच कमी. अशा वेळी वॉट कमी करावेत. मोठी बॅटरी घालून काही होत नाही, ती भरणारा मॅग्नेटो तोच असतो.

आणि डोळ्यांचं काय? लेखात दिवे 'समोर सरळ' ठेवायला सांगितलंय. त्याच अंकात आतल्या पानावर होटगी रोडवर समोरच्या उजेडाने डोळे दिपतात अशी वाचकाची तक्रार आहे. दोन्ही पानं एकाच माणसाने वाचून सोडली असती तर बरं झालं असतं. केंद्रीय मोटार वाहन नियमांतला १०६ क्रमांकाचा नियम सांगतो की ८ मीटरवर, दीड मीटर उंचीवर डोळे असलेल्या माणसाला दिपवेल असा झोत नको. घरी करायचं ते असं: चाकांत हवा बरोबर, गाडीवर माणूस बसलेला, भिंत ८ मीटरवर. दिव्याच्या मध्याची उंची भिंतीवर खडूने आखावी आणि झोताचा तेजस्वी भाग त्या रेघेच्या निदान ८-१० सेंटिमीटर खाली आणावा. लांब झोताचे दिवे असतील तर ८६ ची वायर बटणातून नेऊन अप्परच्या वायरवर घ्यावी (हेडलाइट डीसी असेल तरच). हेडलाइट अप्परवरून लोअरवर घेतला की जादा दिवेही आपोआप विझतात, वेगळं बटण शोधावं लागत नाही. गावात, सात रस्ता ते पार्क चौक, हे दिवे लावायचं तर काहीच कारण नाही.

लोक हे दिवे का लावतात तेही एकदा छापा. गाळप हंगाम सुरू झाला की मोहोळ, मंगळवेढा, अक्कलकोट, कुठल्याही रस्त्याने रात्री निघा. उसाची ट्रॉली, एकामागे एक अशा दोन जोडलेल्या, मागे दिवा नाही, रिफ्लेक्टर असलाच तर वाढ्यांखाली झाकलेला. साध्या हेडलाइटमध्ये ती दिसते तेव्हा ब्रेक लावायला रस्ता उरत नाही. ट्रॉलीमागे हातभर लाल रिफ्लेक्टर पट्टी लावायला दिव्यांच्या जोडीइतकाही खर्च येत नाही. हंगामाच्या उद्घाटनाचे, मोळी टाकतानाचे फोटो आपण पहिल्या पानावर छापता, त्याच फोटोत मागे उभी असलेली ट्रॉली जरा निरखून पाहा.

येत्या रविवारी खुलासा छापाल अशी अपेक्षा आहे. छापणार असाल तर जोडणीची आकृती द्या आणि छापण्याआधी आकडे एखाद्या ऑटो इलेक्ट्रिशियनकडून तपासून घ्या. पाच पिनांच्या रिलेत मधोमध ८७ए नावाची पिन असते, ती रिले बंद असताना ३० शी जोडलेली राहते. छपाईत ८७ च्या जागी ८७ए पडलं तर बटण दाबल्यावर दिवे विझतील, आणि चावी काढून घरी गेल्यावर रात्रभर जळत राहतील.

कळावे,
आपल्या दैनिकाचा एक नियमित वाचक,
जुळे सोलापूर