धेंपो एका वर्षात वर आला होता

फुटबॉलच्या प्रोफेशनल लीगमधून घसरलेला क्लब लवकर वर येत नाही, हे आपल्या क्रीडा पानावरील पत्रलेखकाचे मत मला मान्य नाही. गोव्यातलेच उदाहरण पाहा. पाच वेळा राष्ट्रीय विजेता ठरलेला धेंपो क्लब २०१५ मध्ये आय-लीग या तेव्हाच्या देशातल्या सर्वोच्च लीगमधून खाली गेला. आता संपले, असे तेव्हा आम्ही चाहतेही म्हणत होतो. पण २०१६ मध्ये दुसऱ्या श्रेणीचे विजेतेपद मिळवून त्याने वरची जागा परत घेतली. त्याच वर्षी धेंपो, साळगावकर आणि स्पोर्टिंग हे क्लब आय-लीगमधून बाहेर पडले, ते अखिल भारतीय फुटबॉल महासंघाच्या धोरणाला विरोध म्हणून. मैदानावर हरले म्हणून नव्हे! २०२४ मध्ये धेंपो आय-लीगसाठी पुन्हा पात्र ठरलाच.

खरा धोका वेगळा आहे. संघ खाली गेला की चांगली मुले लगेच दुसरा क्लब गाठतात. म्हणून आमच्या क्लबच्या समितीने परदेशी खेळाडू शोधण्याआधी आपल्या वाड्यांवरची मुले थांबवावीत आणि पावसाळ्यातही सराव चालू ठेवावा, ही कळकळीची विनंती.

– एक फुटबॉलप्रेमी, फोंडा