पुन्हा तोच पिक्चर

निशी-कासाई, तोक्यो
रविवार, रात्रीचे साडेअकरा

प्रिय सुध्या,

आठ महिने झाले. तुझं पत्र टेबलाच्या खणात आहे, रोज दिसतं आणि मी रोज खण लावून घेतो. कारणं देत नाही, तुला सगळी पाठ आहेत. तब्येत बरी. शुगर काठावर आहे, डॉक्टर चाला म्हणतात, मी स्टेशनपर्यंत चालतो. झालं.

आज लिहायला बसलो कारण मी पुन्हा माती खाल्लीय. हिला सांगायला गेलो तर "झोपा आता" म्हणाली. राहिलास तू.

'द लास्ट सामुराई', टॉम क्रूझ सामुराईंच्या बंडात सामील होतो तो. हसू नकोस. 2004 साली अलका चौकात रात्री साडेबारा वाजता तू माझी त्या पिक्चरवरून शाळा घेतली होतीस, ती अजून कानात आहे. "बंदुका जपानात 1543 सालीच आल्या, तानेगाशिमा बेटावर, पोर्तुगीजांबरोबर. आणि हा तुझा बंडखोरांचा पुढारी कात्सुमोतो 1876-77 मध्ये बंदुकीला शिवत नाही?" मग म्हणे त्यांच्या लष्कराला शिकवायला फ्रेंच आले होते, अमेरिकन नव्हेत. बंडखोरांच्या बाजूने लढला तोही ज्यूल ब्रुने नावाचा फ्रेंचच, तेही आठ-नऊ वर्षं आधी, दुसऱ्याच लढाईत. "आणि टॉम क्रूझ एका हिवाळ्यात तलवार शिकतो! तुला लूना शिकायला वर्ष लागलं." माझे डोळे लाल होते आणि तू बघून न बघितल्यासारखं केलंस, ते जास्त लागलं होतं. त्यानंतर मी जे बोललो त्याकडे येतो. येणारच आहे.

तर आमच्या मजल्यावर एक आजी-आजोबा राहतात. मूळचे कागोशिमाचे, म्हणजे जुन्या सात्सुमाचे. तुझं ते तानेगाशिमाही त्याच प्रांतात. दर शरद ऋतूत त्यांच्या गावाकडून काकी नावाची फळं येतात (आपले तेंदू असतात ना, त्यांचे हे श्रीमंत चुलत भाऊ), त्यातली एक पिशवी आमची. मागच्या शनिवारी त्यांना जेवायला बोलावलं. हिने पुरणपोळी केली. आजींनी एक खाल्ली आणि दुसरी रुमालात घेतली. जेवण झाल्यावर आमच्या चिरंजीवांनी टीव्हीवर नेमका हा पिक्चर लावला. मला वाटलं, वा! सात्सुमाच्या माणसाशेजारी बसून बघायचा.

सुध्या, लोक पिक्चर कसा बघतात हे बघण्यासारखं असतं. आजींनी तो थेटरात तीन वेळा बघितलाय, नुसता कात्सुमोतो झालेल्या केन वातानाबेसाठी. तो दिसला की त्या पदर सावरल्यासारखा एप्रन सावरत होत्या. त्यांच्यासारख्या बऱ्याच असणार, कारण हा पिक्चर अमेरिकेपेक्षा जपानात जास्त चालला. फुजीसारखा डोंगर आला तेव्हा आजोबा म्हणाले, "फुजी परदेशी जाऊन आलेला दिसतोय." बरोबरच आहे, शूटिंग न्यूझीलंडला, तारानाकीत. देवळाचा भाग मात्र खरा, हिमेजीजवळच्या एंग्योजीचा. निंजा छपरावरून उतरले तेव्हा तर दोघं एकमेकांच्या खांद्यावर पडून हसले. मी त्या सीनला श्वास रोखून बसायचो रे.

पण टाळी कुणाला पडली असेल? क्रूझच्या मागे तो एक म्हातारा अबोल सामुराई सारखा फिरत असतो ना, क्रूझ ज्याला 'बॉब' म्हणतो, त्याला. आजोबा एकदम सरळ बसले. "फुकुमोतो-सान!" सेइझो फुकुमोतो. क्योतोच्या तोएई स्टुडिओचा माणूस. आयुष्यभर ऐतिहासिक पिक्चर आणि मालिकांमध्ये नायकाच्या तलवारीखाली मरायचं हेच काम. तो पन्नास हजार वेळा मेला म्हणतात. या कामाला त्यांच्यात 'किरारेयाकु' असा शब्द आहे, कापला जाणारा. घाव बसला की कोळंबीसारखी मागे कमान टाकून पडायचा. आजोबांनी सोफ्यावर बसल्या बसल्या ती कमान करून दाखवली. पाठ कट्कन वाजली, आजी ओरडल्या. इतका वेळ सगळं छान चाललं होतं.

मग शेवट आला. मशीनगन. कात्सुमोतो पडतो आणि समोरची फौज गुडघ्यावर येऊन मस्तक टेकवते. मला आलं ना रडू. वय वाढलं तसं जास्तच येतं. आणि भरात मी बोललो, मराठीत, चिरंजीवांना म्हणालो, सांग आजोबांना: "यातला एकही शरण गेला नाही, म्हणून आज त्यांच्यापुढे मान झुकते. शरण जाऊन जगलेल्याला कोण विचारतं?" आणि त्या गाढवाने सांगितलं. शब्दाला शब्द. एरवी एक निरोप धड पोचवत नाही.

आजोबा थोडा वेळ गप्प. मग हळूहळू, मला समजेल अशा सोप्या जपानीत म्हणाले, "साइगो-सानकडे (कात्सुमोतो ज्याच्यावर बेतलाय तो सात्सुमाचा खरा बंडखोर पुढारी) बंदुका होत्या. माझ्या पणजोबांकडेही होती. ऑगस्टमध्ये साइगो-साननी सैन्य मोडलं, ज्याला जायचंय त्याने जा म्हणाले. पणजोबा शरण गेले. मग भात लावला." आणि चहाचा कप दोन्ही हातांनी खाली ठेवला.

हे तुला माहीत असेल, मला नव्हतं. 24 सप्टेंबर 1877 ला शिरोयामाच्या टेकडीवर साइगो पडला तेव्हा त्याच्याबरोबर उरले होते जेमतेम काहीशे, समोर तीस हजार. म्हणजे बाकीचे हजारो कुठेतरी गेले होतेच की. कुणी मेले, कुणी घरी गेले. पुढे सरकारने साइगोला माफ केलं, 1898 साली इथल्या उएनो बागेत पुतळाही उभा राहिला, किमोनोतला, कुत्र्याला घेऊन. आमचे चिरंजीव त्याच्याखाली आइस्क्रीम खातात. भात लावणाऱ्याचा पुतळा कुठला असायला.

मी कसंबसं "गोमेन नासाई", माफ करा, म्हटलं. ते म्हणाले, "नाही, नाही. चांगला पिक्चर आहे." आजी हसल्या. दोघांनी तीनतीनदा वाकून निरोप घेतला. तेव्हापासून माझा जीव टांगलेला आहे. ते रागावले असते तर कळलं असतं. आपल्याकडे माणूस तोंडावर बोलतो, नाहीतर दार तरी आपटतो. इथे लिफ्टमध्ये तेच हसू, तेच वाकणं, तितकंच. मी अंश मोजतो! ही म्हणते वेड लागलंय. माफी मागायला जावं तर ती गोष्ट त्यांना पुन्हा ऐकायला लावणं. न जावं तर? डबा घेऊन जाऊ का? डब्यात काय घालू?

आता ते दुसरं. अलका चौकात मी तुला म्हणालो होतो, "तुला नाहीच कळायचं, तुझे आप्पा 1983 ला संप सोडून गिरणीत परत गेले होते." तू सायकलला कुलूप नसताना कुलूप काढत बसलास. दिवाळीला तू फराळ घेऊन आलास, आपण पुन्हा बोलायला लागलो, ते वाक्य तसंच राहिलं. आप्पा परत गेले म्हणून तुझी बारावी झाली, आणि तुझ्या वह्यांवर माझी झाली. मला हे तेव्हाही माहीत होतं रे. शनिवारी आजोबांनी कप खाली ठेवला तेव्हा मला तुझं ते कुलूप दिसलं.

यावर काही लिहू नकोस. लिहिलंस तर शिव्या घाल.

पर्यवेक्षक झालास, अभिनंदन. पगार वाढला की नुसत्या सह्या? काकूंचा गुडघा कसा आहे? चिंगीला जपानी शिकायचंय म्हणे, तिला सांग कांजी अक्षरं दहा-दहा करून लिहायची, पुस्तकं मी पाठवतो. वहिनींना नमस्कार.

आज सकाळी मी मोडकी खुर्ची घेऊन खाली निघालो होतो. लिफ्टमध्ये आजोबा. खुर्चीकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, म्हणाले, "मोठा कचरा उद्या." आणि खुर्चीचा एक पाय धरून माझ्याबरोबर परत वर आले. याचा अर्थ काय लावू, सांग.

तुझा,
बंड्या

ता. क. डब्याचं लवकर कळव. चकली चालेल का? त्यांना दात आहेत.